चुकीला निम्मे मार्क

बाईंचं ‘चुकीचं पान’ शाळेत चांगलंच गाजलं होतं. नववीच्या प्रत्येक मुलानं वर्षातून एक छोटंसं संशोधन करायचं, आणि ते करून झालं की शेवटी एक पान स्वतःविरुद्ध लिहायचं. मी कुठे घाई केली, काय बघायचं टाळलं, माझ्या निष्कर्षावर इतरांनी कितपत विसंबावं, असं सगळं. उत्तर बरोबर की चूक ते सांगायला शिक्षक असतातच, बाई म्हणायच्या, पण ते आपण कसं काढलं हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. तेव्हा आपली उलटतपासणी आपणच घ्यायला शिका. बोलणं खरं होतं. आजही त्यात खोट काढता येणार नाही.

पण पहिल्या वर्षी मुलांनी ते पान काही मनावर घेतलं नाही. दोन ओळी खरडायच्या, खाली रेघ मारायची आणि मोकळं व्हायचं. म्हणून बाईंनी त्याला मार्क लावले. थोडेथोडके नाहीत, निम्मे. मग काय विचारता, पानं भरभरून येऊ लागली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोरं आपल्या चुका अशा तळमळीनं लिहू लागली की तपासता तपासता बाईंचा ऊर भरून यायचा. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे. त्यांनी ती पानं पाहुण्यांपुढे ठेवली. दुसऱ्या शाळांचे शिक्षक येऊन वर्गात मागच्या बाकांवर बसून गेले. एका शिबिरात बाईंनी या पानावर व्याख्यान दिलं, आणि टाळ्या पडल्या तेव्हा त्यांना आपली आई तिथे असायला हवी होती असं वाटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे आता चुकायचेसुद्धा क्लास निघणार.” बाई हसल्या होत्या. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

यंदा सगळ्या शाळांचा मिळून संशोधन मेळावा व्हायचा होता. एका शाळेतून एकच मूल जाणार, आणि ते बाईंनी निवडायचं. स्पर्धा होती म्हणाल तर दोघांत.

त्यातली एक घुमी. हे नाव वर्गानं ठेवलेलं, आणि तिनं ते एका शब्दानं तक्रार न करता घेतलेलं, त्यातच सगळं आलं. ब्रेडवर बुरशी कुठे लवकर धरते, हा तिचा विषय. दुसरा पुढारी. त्याला बोलायला उभं करायची गरज नसे, बसवायची असे. जिना पळत चढून आल्यावर छातीचे ठोके किती वेळानं ताळ्यावर येतात, खेळणाऱ्या मुलांचे लवकर येतात का, हे त्यानं अख्ख्या वर्गाला जिन्यावरून पळवून मोजलं होतं. पोरं दोन दिवस पोटऱ्या चोळत होती आणि तरी त्याच्यावर खूश होती.

बाईंनी ही पानं तपासली ती संध्याकाळ वाईट होती. धाकटी, जिला घरात सगळे ढमी म्हणत, तिला ताप होता. ती मांडीवरून उतरायला तयार नव्हती. एका हातानं तिला थोपटत, दुसऱ्या हातात लाल पेन, असं काम चाललेलं. पुढारीचं पान वाचताना मात्र थोपटणारा हात थांबला. त्यानं लिहिलं होतं, की काही मुलांचे ठोके त्याच्या अंदाजाशी जुळेनात, तेव्हा त्यानं ती मुलं गुपचूप वगळली; मग त्याला स्वस्थ बसवेना; शेवटी त्यांना परत घेतलं तेव्हा निष्कर्ष निम्मा लंगडा झाला, पण आपला झाला. ‘मी आकड्यांना नाही, स्वतःला फसवत होतो,’ असं शेवटचं वाक्य होतं. बाईंनी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. चौदा वर्षांचं पोर, आणि ही समज.

त्याच्या खालीच घुमीचं पान निघालं. पहिली ओळ अशी: ‘माझ्या कामात मला मोठी चूक सापडली नाही.’

बाईंना ते लागलं. वर्षभर घसा कोरडा करून शिकवायचं, आणि पोरीनं हे असं तोंडावर मारायचं. ढमी किरकिरायला लागली होती. बाईंनी पानावर ‘अहंकार बाजूला ठेवून पुन्हा पाहा’ असं लिहिलं, मार्कांचा भोपळा दिला आणि पुढचं पान उचललं.

एवढ्यावर थांबतं तरी बरं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात पुढारीचं पान वाचून दाखवलं, आणि त्याच ओघात बाई म्हणाल्या, “आणि आपल्यात एक विदुषीही आहे बरं का. तिच्या हातून चूक होतच नाही. उद्यापासून तिनं इथे फळ्यापाशी उभं राहावं, मी तिच्या बाकावर बसते.” वर्ग खदाखदा हसला. बाईही हसल्या. बाईंची नजर आपल्याकडे वळली म्हणून घुमी उठून उभी राहिली होती. तिला बसायला सांगायचं बाई विसरल्या, म्हणून ती तास संपेपर्यंत उभीच होती.

पुढारीचं नाव मेळाव्याला गेलं.

पंधरवडा उलटला. मेळाव्याचा तक्ता करायला बाई आणि पुढारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसले होते. खिडकीतून मैदानावरचा आरडाओरडा येत होता, आणि पुढारीचं अर्धं लक्ष तिकडे होतं. बाईंच्या डोक्यात एक छान कल्पना आली होती: आधी वगळलेल्या आणि मग परत घेतलेल्या मुलांचे ठोके वेगळ्या रंगात दाखवायचे, म्हणजे बघणाऱ्याला त्याचा सगळा प्रवास एका नजरेत कळेल. त्यांनी लाल स्केचपेन त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं त्याचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“बाई, लाल नको.”

“का रे? सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.”

“तशी मुलं नाहीयेत ना पण.”

“कशी मुलं?”

“वगळलेली. मी कुणाला वगळलंच नव्हतं. सगळ्यांचे ठोके पहिल्यापासून जुळत होते.” मग, बाईंचा चेहरा बघून, समजूत घातल्यासारखं तो म्हणाला, “चूक नव्हतीच बाई. पण चुकीला निम्मे मार्क होते ना.”

बाईंना आधी वाटलं हा थट्टा करतोय. पण तो खुलून सांगायलाच लागला. वर्गात सगळेच अशी चूक घालतात म्हणे. पानं द्यायच्या आधी सायकलींपाशी जमायचं आणि कुणाला कोणती चूक ते ठरवून घ्यायचं, म्हणजे दोघांची एक व्हायला नको. ‘घड्याळ मागे होतं’ ही एका वर्षात एकालाच. ‘धाकट्या भावानं हात लावला’ ही ज्याला भाऊ आहे त्यालाच, कारण बाई पालकसभेत विचारतात. ‘मी फार कमी जणांना विचारलं’ ही कुणीही घ्यावी, तिला मार्क कमी पडतात. वाटप पुढारीच करायचा. मागच्या वर्षीच्या मुलांकडून त्यानं साठाच घेऊन ठेवला होता. ‘नको असलेले आकडे गाळले’ ही चूक घ्यायला कुणी धजेना, बाई रागावतील म्हणून. ती उरली, तेव्हा त्यानं स्वतःच घेतली. आणि स्वस्थ बसवेना वगैरे वरचं सगळं त्याचं स्वतःचं होतं, ते सांगताना तर त्याला थोडा अभिमानच वाटत होता.

“घुमीला पण देत होतो एक,” तो म्हणाला. “चांगली होती. तिनं घेतली नाही.”

बाईंनी कसंबसं विचारलं, “काय म्हणाली?”

“म्हणाली, मी शोधतेय अजून. मग म्हणाली, माझी सापडत नाही तर तुझी कशाला घेऊ.” त्यानं खांदे उडवले. “मी म्हटलं, तू नि तुझा भोपळा.”

आणि मग, अगदी सहज, लाल पेन परत डब्यात टाकता टाकता तो म्हणाला, “मला वाटलं तुम्हाला माहीत असणार बाई.”

त्याला खेळायला सोडून बाई शिक्षकखोलीत आल्या. खोली रिकामी होती. कपाटातून गठ्ठा काढला, घुमीचं पान शोधलं, आणि खुर्ची ओढायचंही न सुचून उभ्याउभ्याच वाचलं. पहिल्या ओळीखाली अजून पानभर मजकूर होता. तो त्यांनी त्या संध्याकाळी वाचला नव्हता.

घुमीनं लिहिलं होतं, की पहिल्या खेपेला भावानं कपाटातला ब्रेड खाल्ला (हे खरंच झालं, असं कंसात), म्हणून तिनं सगळं पहिल्यापासून केलं. दुसऱ्या खेपेला तिला हवं होतं तेच उत्तर आलं, म्हणून तिला संशय आला आणि तिनं तिसऱ्यांदा केलं. ओलावा असला की बुरशी लवकर येते, एवढं ती ठामपणे सांगू शकते. उजेडाचं मात्र सांगता येत नाही, कारण तिच्या घरातल्या अंधाऱ्या जागा दमटही आहेत आणि उजेडाच्या जागा कोरड्या. तेव्हा काम कोण करतंय, अंधार की ओल, हे वेगळं काढता येत नाही. ही चूक म्हणायची की नाही तिला ठरवता आलं नाही. आणि अगदी खाली: ‘बाई, हे वेगळं कसं काढायचं मला सुचलं नाही. तुम्ही सांगाल का?’

त्या प्रश्नाच्या शेजारीच बाईंच्या अक्षरात, लाल शाईत, अहंकार बाजूला ठेवायचा सल्ला होता.

वर्षभर त्या जे शिकवत होत्या ते अख्ख्या वर्गात एका मुलीनं केलं होतं. तिनं ते केलं, मदत मागितली, आणि बाईंनी तिला तासभर उभं करून सगळ्यांना हसायला लावलं. कानशिलं तापणं म्हणजे काय ते बाईंना मोठेपणी पहिल्यांदाच कळत होतं. शिबिरातलं व्याख्यान आठवलं. आपल्या कामाची परीक्षा आपण घ्यावी, असं त्या सभागृहभर लोकांना सांगून आल्या होत्या, आणि आपल्या त्या पानानं नक्की काय होतंय हे त्यांनी एकदाही तपासलं नव्हतं. पानं चांगली येत होती ना. हवं तेच उत्तर येत होतं.

घरी गेल्या तर सासूबाई ओटा पुसत होत्या, आणि ढमी, आता तापातून उठून ठणठणीत झालेली, पेल्यातलं पाणी घेऊन दारातच उभी. तिनं आईकडे नीट बघितलं, पेला कलता केला, पाणी जमिनीवर ओतलं आणि म्हणाली, “चुकलं माझं.” मग गाल पुढे केला.

“दिवसभर हेच चाललंय,” सासूबाई म्हणाल्या. “ओतायचं, चुकलं म्हणायचं आणि पापी मागायची. कबूल केलं की पापी, ही तुझीच तर शिकवण. आता तूच पूस.”

बाई फडकं घेऊन खाली बसल्या. ढमी गाल पुढे करून वाट बघत राहिली. पापी मिळेना तसा तिचा ओठ थरथरायला लागला, आणि बाईंना तिला जवळ घ्यावंच लागलं. पाणी पुसायचं राहिलं, दोघींचे कपडे भिजले. सासूबाई म्हणाल्या, अगं एवढ्याशा पाण्याला रडतेस काय. त्यांना वाटलं ढमीच रडतेय.

सकाळी बाई आधी मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. सगळं सांगितलं, सायकलींपाशी होणाऱ्या वाटपासकट. मोठ्या बाई मध्येच हसल्या, मग गंभीर झाल्या, आणि चष्मा पुसत म्हणाल्या की एवढं मनाला लावून घेऊ नका. पोरानं आकडे तर खोटे दिले नाहीत. प्रयोग खरा आहे, चूक तेवढी खोटी, हे ऐकून कुणी फाशी देत नाही. पुढच्या वर्षी मार्क काढून टाका, विषय संपला. नाव बदलायचंच असेल तर आज दुपारपर्यंत बदलता येईल, पण कारण लेखी द्यावं लागेल, तुमच्या सहीनं. आणि ते वाचणार कोण, तर तुमचं पान आपापल्या शाळेत सुरू करायला निघालेली तीच माणसं.

“तुमचंच हसं होईल,” मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. “घुमी काय, गप्प बसणारी मुलगी. विसरेल.”

आणि बाईंना क्षणभर हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर क्षणभराहून जास्तच. विसरेल, खरंच. गप्प मुलींचं एक बरं असतं, त्यांना तासभर उभं केलं तरी त्या काही म्हणत नाहीत. हा विचार आपलाच आहे हे लक्षात आलं तेव्हा मात्र बाईंनी टेबलावरचा कोरा कागद ओढून घेतला.

लिहायला वेळ लागला, कारण पहिला मसुदा फारच सुंदर झाला. त्यात आत्मपरीक्षण होतं, शिक्षकाचं शिकणं होतं, शेवटी एक टाळी घेणारं वाक्यही होतं. बाईंनी तो वाचला आणि त्यांना पुढारीचा लाल पेन डब्यात टाकणारा हात दिसला. कागद फाडून त्यांनी दुसरा घेतला: निवडीत माझी चूक झाली. चूक कबूल करण्याला मी मार्क दिले, म्हणून मुलांनी खोट्या चुका लिहिल्या. जिनं खरं लिहिलं तिचं पान मी पूर्ण न वाचता तिला शून्य दिलं. नाव बदलावं. खाली सही. मोठ्या बाईंनी वाचून शिक्का मारला.

पुढारीला मधल्या सुट्टीत एकटं गाठून सांगितलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. घरी सगळ्यांना सांगून झालं होतं, मावशी बघायला येणार होती. तुझा प्रयोग चांगला आहे, बाई म्हणाल्या, चांगल्या कामाला खोटं ठिगळ तू माझ्यामुळे लावलंस. तो बुटाच्या टोकानं फरशी उकरत राहिला.

“तुम्हीच शिकवलंत ना पण,” तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा असता तर बाईंना सोपं गेलं असतं. तो नुसता रडकुंडीला आला होता.

“हो,” बाई म्हणाल्या. “मीच शिकवलं.”

मग शेवटचा तास आला. बाई वर्गात शिरल्या, हजेरी बाजूला ठेवली आणि बोलायला लागल्या. सायकलींपाशी काय चालतं ते मला कळलंय, म्हटल्यावर वर्ग चिडीचूप झाला. त्यात तुमची चूक नाही, माझी आहे, म्हटल्यावर वर्ग सैल झाला. बाई बोलत गेल्या. शिक्षकही चुकतो. मार्कांच्या नादात आपण खरेपणाचा बाजार कसा मांडला, हे त्यांनी सांगितलं. आवाज लागत होता. पहिल्या बाकावरच्या दोघीतिघींचे डोळे भरून आले, पुढारीसुद्धा मान वर करून ऐकायला लागला, आणि बाईंना ओळखीची ऊब जाणवली, शिबिरातल्या टाळ्यांची. त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. आपल्याला निम्मे मार्क पडताहेत, हे त्यांना कळलं.

घुमी तेवढी खिडकीबाहेर बघत होती.

बाईंनी तिच्याकडे वळून, आवाजातला सगळा चढउतार काढून टाकून सांगितलं, की तुझ्या पानाला मी दिलेलं शून्य चुकीचं होतं, मी ते रद्द केलंय. मी तुला हसले ते वाईट केलं. मेळाव्याला तुझं नाव दिलंय. जायचं की नाही ते तू ठरव.

घुमी उठून उभी राहिली. सवयीनं. बाई म्हणणार होत्या बस, पण ती आधी बोलली.

“तुम्ही माझं पान वाचलं होतं का बाई? पूर्ण?”

बाईंच्या ओठांवर सगळं तयार होतं. मुलगी तापानं फणफणली होती, मांडीवरून उतरत नव्हती, गठ्ठा मोठा होता. यातलं एकही खोटं नव्हतं. फक्त ‘धाकट्या भावानं हात लावला’ म्हणण्यातलंच होतं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “पहिली ओळ वाचली. पुढचं काल वाचलं.”

घुमीनं मान हलवली. राग नाही, माफी नाही. प्रयोगात एक गोष्ट नक्की झाली की हलवतात तशी. काल वाचलं म्हणजे प्रश्नही वाचला असेल, ती म्हणाली, मग ते अंधार आणि ओल वेगळं कसं काढायचं ते सांगा.

बाईंनी खडू उचलला आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपणही यावर धड विचार केलेला नाही. रात्रभर त्यांनी विचार केला तो स्वतःच्या लाजेचा. ब्रेडचा विचार करायचं त्यांना सुचलं नव्हतं.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

हे ऐकून मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, मग सोप्पंय, एक डबा काळ्या कागदात गुंडाळायचा. घुमी वळून म्हणाली, काळा कागद गरम होतो, आतली ओल उडते, बघितलंय मी. मग दोन्ही डबे गुंडाळा आणि एकाला भोक पाडा, दुसरा म्हणाला. भोकातून वारा जाईल. काच लाव भोकाला. कुठली काच? पुढारीनं इतका वेळ तोंड मिटून ठेवलं होतं, ते आता त्याला जमेना. मावशीच्या घरी जुने काचेचे डबे आहेत, तो म्हणाला, सगळे एकसारखे. अर्ध्यांना आतून ओला कापूस लावू आणि अर्ध्यांना नाही, मग त्यातले निम्मे झाका. घुमी म्हणाली, उघडे डबे उन्हात नको, नाहीतर तेच तापतील. सावलीतल्या खिडकीत ठेवू. आण उद्या.

मेळाव्याच्या आत होईल का, कुणी विचारलं. नाही होणार, घुमी म्हणाली. आहे तेवढंच घेऊन जाऊ, आणि एवढंच कळलंय, पुढचं अजून नाही, असं तिथे सांगू.

बाई फळ्यावर डबे काढत होत्या: ओला, कोरडा, झाकलेला, उघडा. मुलं सांगतील तसे पुसत होत्या, पुन्हा काढत होत्या. एकदा त्यांनी झाकण चुकीच्या डब्यावर काढलं तेव्हा घुमी जागेवरूनच म्हणाली, “ते नाही, त्याच्या शेजारचा.” बाईंनी निमूटपणे पुसलं आणि शेजारच्यावर काढलं. घंटा होईपर्यंत ती फळ्याकडे बघत होती. बाईंकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, आणि तिनं पाहावं अशी अपेक्षा करायचा धीर बाईंनाही झाला नाही.